'बाई आली' आणि 'बाई आल्या'

(मराठी अध्यापकांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



मला दिलेला विषय 'कामाच्या ठिकाणची भाषा आणि स्त्रिया' असा आहे. विषय मोठा आहे, वेळ थोडा आहे, म्हणून मी त्यातला एकच धागा हाती घेते. कचेरी, न्यायालय, पंचायत, पोलीस ठाणे, बस, गाण्याची बैठक या जागा पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या मानल्या गेल्या. अशा जागी एखादी बाई कामाला आली, की तिला काय म्हणायचे हा प्रश्न भाषेपुढे उभा राहतो. भाषा त्याचे काहीतरी उत्तर देतेच. त्या उत्तरात आदर कुठे असतो आणि किती असतो, एवढेच आज पाहायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. मराठीत आदर नामापेक्षा क्रियापदात जास्त असतो. आणि क्रियापद शिकवण्याचे काम आपले, मराठीच्या शिक्षकांचे आहे.

सुरुवात 'बाई' या शब्दापासून करू. या एका शब्दाचा पल्ला पाहा. अहिल्याबाई होळकरांच्या नावात तो आहे, झाशीच्या लक्ष्मीबाईंच्या नावात आहे. प्राथमिक शाळेतले मूल 'बाई, शू लागली' म्हणते तेव्हा त्यात विश्वास आणि धाक दोन्ही असतात. आणि 'आज आमच्याकडे बाई आली नाही' असे शेजारीण म्हणते, तेव्हा भांडी पडून आहेत एवढेच आपल्याला कळते. इंदूरच्या गादीपासून मोरीपर्यंत एकच शब्द पोचतो, आणि तरीही ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. का होत नाही? कारण शाळेतल्या बाई 'आल्या' असतात आणि भांड्याची बाई 'आली' असते. नाम तेच आहे. मान आणि कमीपणा क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात बसलेला आहे.

मी मूळची बेळगाव भागातली, आणि गेली अठ्ठावीस वर्षे गोव्यात शिकवते. त्यामुळे माझ्या कानांवर तीन भाषांचे हिशेब सतत पडत असतात. कन्नडमध्ये आदरार्थी अनेकवचनाला लिंग नाही. 'सर बंदरु' आणि 'मॅडम बंदरु', क्रियापद एकच. उत्तर कर्नाटकात शाळेतल्या शिक्षिकेला 'अक्कोरु' म्हणतात. 'अक्का' या नात्याच्या शब्दाला तिथे आदराचे अनेकवचन जोडून मिळते. बेळगावच्या कचेऱ्यांत मी असे ऐकले आहे, की एकच कारकून कन्नडमध्ये 'मॅडम बंदरु' म्हणतो आणि मराठीत वळताच 'मॅडम आली' म्हणतो. त्याच्या मनातला आदर दोन वाक्यांच्या मध्ये कमी झालेला नसतो. एका भाषेने तो आपोआप दिला, दुसरीत तो निवडून द्यावा लागतो.

कोंकणीत आणखी वेगळी गंमत आहे. वयाने लहान मुलीला, तरुणीला 'ती' न म्हणता नपुंसकलिंगी 'तें' म्हणतात. घरात त्यात माया असते, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण ती तरुणी उद्या अधिकारी होऊन खुर्चीवर बसली आणि तिच्याबद्दल बोलताना 'तें' चालूच राहिले, तर घरातले लाडाचे सर्वनाम कचेरीत तिचे पद लहान करते. त्याच कोंकणीत 'बाब' आणि 'बाय' अशी सरळ जोडी आहे. पुरुषाच्या नावापुढे बाब, स्त्रीच्या नावापुढे बाय, दोन्हींचे वजन सारखे. म्हणजे एकाच भाषेत बरोबरीची सोय आहे आणि उतरंडीचीही. कोणती वापरायची ते बोलणारा ठरवतो.

आता जुन्या शब्दांकडे येते. मराठीत व्यवसायाचे स्त्रीलिंग करण्याचा पारंपरिक प्रत्यय '-ईण'. पाटील-पाटलीण, सोनार-सोनारीण, मास्तर-मास्तरीण. पण पाटलीण म्हणजे पाटीलकी करणारी बाई नव्हे, पाटलाची बायको. स्त्रियांना काम नव्हते तोवर या प्रत्ययाने अडचण केली नाही. त्या स्वतः शिकून कामाला लागल्या तेव्हा गोंधळ सुरू झाला. मास्तरीण म्हणजे मास्तरांची बायको की शिकवणारी बाई? डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांचे घर सांभाळणाऱ्या की रोग्याची नाडी पाहणाऱ्या?

आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या वारल्या. त्यांच्यासारख्या स्त्रीला काय म्हणायचे याची तयारी मराठीकडे नव्हती. इंग्रजीतून आलेला 'लेडी डॉक्टर' हा शब्द सोयीचा ठरला आणि तो टिकला. आजही गावाकडचा माणूस 'लेडी डॉक्टर आहे का?' असे विचारतो, तेव्हा त्याला बहुधा बाळंतपण करणारी डॉक्टर हवी असते. हृदयरोगतज्ज्ञ स्त्रीला कुणी लेडी डॉक्टर म्हणत नाही. 'लेडी' हे विशेषण तिच्या स्त्रीपणाबरोबर तिच्या कामाची हद्दही ठरवते.

वकिलीचे असेच. स्त्रियांना वकिली करण्यात अडथळा राहू नये म्हणून १९२३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. दार उघडले, तरी 'वकीलीणबाई' या शब्दात वकिलाची बायको बसलेलीच होती. पंचायतीत तर हे अगदी आपल्या डोळ्यांसमोर घडले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या, आणि गावोगावी स्त्रिया सरपंच झाल्या. लोकांनी त्यांना 'सरपंचीण' म्हटले. प्रत्ययाच्या जुन्या सवयीने काम केले: सरपंचीण म्हणजे सरपंचाची कुणीतरी. मग खरा सरपंच कोण, तर तिचा नवरा! 'सरपंचपती' हा शब्द विनोद म्हणून आला आणि व्यवहारात रुळला. पद तिचे, सही तिची, आणि नाव नवऱ्याच्या कामाचे. '-ईण' प्रत्ययाने हे घडवले असे मी म्हणणार नाही. मात्र अशा गोष्टीला बसायला त्याने आयती जागा दिली.

गाण्याच्या क्षेत्रात हा प्रश्न सर्वांत टोकदार आहे, आणि गोमंतकीयांना तो जवळचा आहे. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, दोघी उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या शिष्या, दोघी पद्मभूषण. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर पृथ्वीचे जे ध्वनी अवकाशात गेले, त्यात केसरबाईंचा आवाज आहे. गंगूबाई हनगल यांचे एक बोलणे संगीताच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की पुरुष गवई मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, आणि केसरबाई-मोगूबाई मात्र बाईच राहतात. हे म्हणणाऱ्या स्वतः गंगूबाई होत्या, हे विसरू नये.

'पंडित' या शब्दाला स्त्रीलिंग नव्हते का? होते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' ही पदवी दिली. म्हणजे शब्द तयार होता, सन्मानाने वापरलेला होता, तरी गाण्याच्या बैठकीत तो आला नाही. तिथे वेगळाच उपाय निघाला. केसरबाई 'सूरश्री' झाल्या, मोगूबाई 'गानतपस्विनी' झाल्या, आणि मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर 'गानसरस्वती'. बिरुदे सुंदर आहेत, योग्य व्यक्तींना मिळाली आहेत. पण 'पंडित' हे बिरुद नाही, तो दर्जा आहे. तो गायकाला त्याच्या विद्येमुळे आपोआप लागतो. स्त्रियांना दर्जाचा साधा शब्द मिळेना, म्हणून एकेकीसाठी स्वतंत्र दागिना घडवावा लागला. अलीकडे 'विदुषी' रुळतो आहे. त्याचे मोल असे की तो सर्वांना लागू होतो. एखादी अपवादात्मक असावी लागत नाही.

आता नात्याच्या शब्दांविषयी. कामावरच्या बाईला आपण ताई, मावशी, माई, अक्का म्हणतो. यात आपुलकी आहे आणि काही प्रमाणात संरक्षणही आहे. अनोळखी पुरुषांच्या गर्दीत 'ताई' ही हाक बाईला सुरक्षित करते, हे मी नाकारत नाही. राजकारणात तर तिने मोठी कामे केली आहेत. शशिकला काकोडकर १९७३ ते १९७९ गोवा, दमण व दीवच्या मुख्यमंत्री होत्या, आणि सगळा गोवा त्यांना 'ताई' म्हणे. सुमित्रा महाजन इंदूरमधून सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून गेल्या, २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या, आणि इंदूरला त्या 'ताई'च. दोघींनीही हा शब्द मोठा केला.

पण एक बारीक फरक पाहा. काकोडकरांचे वडील दयानंद बांदोडकर 'भाऊसाहेब' होते. भाऊ हे नाते, साहेब हा अधिकार. मराठी माणूस पुरुषांनाही दादा, अण्णा, आबा, काका म्हणतो, पण पुरुषाच्या बाबतीत नाते अधिकाराला जोडले जाते. स्त्रीच्या बाबतीत पुष्कळदा नाते अधिकाराच्या जागी येऊन बसते. एसटीच्या वाहकाला जुने प्रवासी 'मास्तर' म्हणत. तिकिटे फाडणाऱ्याला शिक्षकाचा मान दिला होता. त्याच खिडकीशी, त्याच पिशवीसह बाई उभी राहिली, तेव्हा ती 'ताई' झाली. हाक गोड झाली, पण मास्तरकी गेली. रुग्णालयात आणि शाळेत 'मावशी' कोण असते ते आपल्याला ठाऊकच आहे. झाडणारी, पुसणारी. नात्याचा शब्द इतक्या सहज कामाची पायरी दाखवू लागतो.

'मॅडम' या शब्दाने हे सारे सुटले, असे अनेकांना वाटते. काही अंशी सुटलेही. तो मुळात फ्रेंच, 'माझी बाई' एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्याकडे तो 'सर'चा जोडीदार म्हणून आला, म्हणून त्यात बरोबरी आहे. तरी आपल्याच स्टाफरूममध्ये कान देऊन ऐका. पुरुष सहकाऱ्याला आडनावाने 'सर' म्हणतात, स्त्रीला पहिल्या नावाने 'मॅडम'. विचारले तर उत्तर मिळते, बायकांची आडनावे लग्नाने बदलतात म्हणून. ज्या सहकारी वीस वर्षे एकाच आडनावाने नोकरी करत आहेत, त्यांनाही हेच लागू असते. मी विभागप्रमुख असताना एका कार्यालयातून वारंवार फोन येत. मी फोन उचलला की पलीकडून ठरलेले वाक्य यायचे: 'जरा सरांना द्या.' मीच विभागप्रमुख आहे असे सांगितल्यावर, 'बरं बरं, मग सर आले की सांगा.' त्या माणसाचे बोलणे अत्यंत अदबीचे होते, हे मुद्दाम सांगते. अदब होती. फक्त त्या खुर्चीत बाई बसलेली असू शकते, ही शक्यता त्याच्या वाक्यरचनेत नव्हती.

दुसऱ्या टोकाला बाईला मान द्यायचा म्हणून तिला पुरुष करण्याची रीत आहे. इंदिरा गांधींना 'मंत्रिमंडळातला एकमेव पुरुष' म्हटले जाई, आणि म्हणणाऱ्यांना ती स्तुती वाटे. व्याकरणातही हे घडते. खानदानी घरांच्या बोलीत 'आईसाहेब आले', 'वहिनीसाहेब आले' असे पुल्लिंगी अनेकवचन ऐकू येते. आदर शिगेला पोचला की बाईचे लिंग बदलते! याच्या शेजारी आमच्या कोल्हापूर-बेळगावकडचा प्रयोग ठेवून पाहा. तिकडे साध्या शेतकरी बायकाही स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी गेलो' म्हणतात. त्यात मानाचा काही प्रश्न नाही, ती बोलीची चाल आहे. तेच पुल्लिंगी रूप एका घरात मानाचे आणि दुसऱ्या घरात रोजचे. म्हणून रूप पाहून आदर मोजता येत नाही. ते कोण, कुणाबद्दल आणि कुणासमोर वापरते आहे ते पाहावे लागते.

मग करायचे काय? अध्यक्ष म्हणायचे की अध्यक्षा, प्राचार्य की प्राचार्या, संचालक की संचालिका? हा प्रश्न मला विद्यार्थी दरवर्षी विचारतात. माझी भूमिका अशी आहे. पदाचे नाव पदाचे असते, व्यक्तीचे नसते. ते बदलू नये. 'अध्यक्ष आल्या', 'प्राचार्य म्हणाल्या', 'न्यायाधीश निघाल्या' ही उत्तम मराठी वाक्ये आहेत. 'न्यायमूर्ती' या शब्दातली मूर्ती तर स्त्रीलिंगीच आहे, आणि शतकभर पुरुषांनी तो शब्द काही अडचण न वाटता वापरला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. माझ्याच एका विद्यार्थिनीने वर्गात तो घेतला होता: अध्यक्षा, लेखिका, कवयित्री हे शब्द काढले तर बाई दिसेनाशी होईल. या शब्दांना इतिहास आहे. 'शिक्षिका' या शब्दामागे सावित्रीबाईंपासूनच्या पिढ्या उभ्या आहेत, आणि ज्या स्त्रीला 'लेखिका' म्हणवून घ्यायला आवडते तिला तसेच म्हणावे. तिचा शब्द तिने निवडावा. पदांच्या बाबतीत मात्र बाई दिसेनाशी होण्याची भीती मराठीत कमी आहे, कारण आपले क्रियापद तिला दाखवते. इंग्रजीला ही सोय नाही, आपल्याला आहे.

तरी ही सोय पूर्ण नाही, हे व्याकरणाच्या शिक्षकांनी लक्षात घ्यावे. 'जिल्हाधिकारी आल्या' यात बाई दिसते. 'जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश दिला' यात दिसत नाही, कारण इथे क्रियापद कर्माच्या मागे गेले आहे, कर्त्याच्या नाही. आणि अधिकाराची बहुतेक वाक्ये अशीच असतात. आदेश दिला, निकाल दिला, शस्त्रक्रिया केली, अटक केली. येणे-जाणे-बसणे यांत बाई दिसते. ठरवणे आणि करणे यांत भूतकाळी मराठी तिला झाकते. मग वाचकाचे मन ती रिकामी जागा सवयीने पुरुषाने भरते. ही भाषेची चूक नाही, पण शिक्षकाने तिथे थांबून बोट ठेवायला हवे.

म्हणून शेवटी उपदेश न करता एक स्वाध्याय सुचवते. तो आठवीच्या वर्गापासून पदव्युत्तर वर्गापर्यंत चालतो. फळ्यावर पाच वाक्ये लिहा. निरीक्षकांनी आरोपीला अटक केली. शल्यविशारदांनी तीन तास शस्त्रक्रिया केली. सरपंचांनी ग्रामसभा बोलावली. वाहकाने घंटा वाजवली. न्यायाधीशांनी निकाल वाचून दाखवला. मुलांना सांगा, प्रत्येक वाक्यापुढे आणखी एक वाक्य लिहा, आणि त्यात ते, त्या, तो किंवा ती यांपैकी एखादे सर्वनाम आले पाहिजे. मग वह्या गोळा करून 'ते' किती, 'त्या' किती, आणि 'ती' किती, ते मुलांनाच मोजायला लावा. आकडा कितीही येवो, त्यावर तुम्ही काही बोलू नका. मोजणाऱ्या मुलींपैकी एखादी उद्या ठाण्यात किंवा न्यायालयात कामाला लागेल, आणि मुलांपैकी एखादा तिच्याविषयी कुणाला तरी फोनवर सांगत असेल. 'मॅडम आल्या' की 'मॅडम आली', हे त्याला वर्गात एकदा मोजल्यामुळे आठवले, तर आपला तास कारणी लागला.